घटक

दुकान आठला बंद होतं.
मी बर्फाचा नांगर लावलेला ट्रक डेपोत सोडते सात-दहाला.
(पहाटेपासून रस्ते नांगरते, पीक काही येत नाही.)
ओरिनला पाळणाघरातून उचलते, सिग्नेला हालोनेन आजींकडून,
आणि डुलुथच्या त्या उतारावर,
जिथे गाडी आपल्या मर्जीने खाली सरकते,
मनात यादी घोकते:
ओट्स. गाजरं. अंडी, मोकळ्या कोंबड्यांची.
मोकळ्या म्हणजे किती मोकळ्या, ते खोक्यावर नसतं.
खोक्यावर कुरण असतं, कुंपण नसतं.

सात-चाळीस.
ओरिन ढकलगाडीत, एकच बूट घालून.
दुसरा कुठे, हा प्रश्न मी उद्यावर टाकते.
सुटे ओट्स पिशवीत घ्यायचे, चिठ्ठीवर नंबर लिहायचा;
पेन सुतळीने बांधून ठेवलंय,
कुणी पळवू नये म्हणून, आणि त्यात शाई नाही.
मागे एक बाई, तिच्या काचेच्या बरण्या
घरून धुऊन, पुसून, वजन करून आणलेल्या.
मी तिच्याकडे बघते
तिसरी पुरवणी मागणाऱ्या मुलीकडे परीक्षेत बघावं तशी.

सरबताच्या बाटलीवर ठसठशीत ‘नैसर्गिक’.
बाटली फिरवली की अक्षरं मुंगीएवढी होतात.
चष्मा ट्रकमध्ये.
“सिग्ने, वाच गं.”
पहिलीतली पोर, अक्षराअक्षराला बोट लावत:
“साय-ट्रिक... पेक्-टिन... आई, हे काय असतं?”
मला माहीत नाही. मी म्हणते, “पुढे वाच.”
शाळेतल्या बाई म्हणाल्या, हिचं वाचन वर्गाच्या पुढे आहे,
घरी कोणती पुस्तकं वाचता?
मी खाली बघत म्हटलं, मिळेल ती.

मधाची बरणी.
किंमत मी डॉलरात मोजत नाही, रस्त्यांत मोजते:
ही बरणी म्हणजे सरोवराकडेचा अख्खा रस्ता,
दोन्ही बाजू, वर मीठ टाकून.
उचलते. ठेवते. उचलते.
लाइल जहाजावर, लोखंडाची माती वाहतोय,
जानेवारीत बोटी धक्क्याला लागल्या की येईल.
फोनवर म्हणतो, पोरांना चांगलं खायला घाल.
चांगलं!
पाण्यावरून हा शब्द किती हलका येतो.
ठेवते.

गाजरांना माती तशीच, तिचेही पैसे घेत असावेत.
“घाण,” ओरिन म्हणतो, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं.

आठला तीन मिनिटं. गल्ल्यावर थॅडियस,
कानात लाकडी डूल, आवाज मऊ:
“सभासद क्रमांक?”
मी कोटाचा खिसा चाचपते,
आणि बाहेर पडतं ते कार्ड नव्हे,
केशरी पाकीट. चीजच्या कुरकुऱ्यांचं. रिकामं.
सिग्ने उचलते.
सवयीने उलटं करते. वाचू लागते.
मोठ्यांदा.
“पिवळा... सहा. म्हणजे रंग ना, आई?”
बरण्यांवाली बाई छताकडे बघू लागते.
“हे कुणी खाल्लं?”
“मी.”
“कधी?”
“पहाटे चारला. डेपोतल्या मशीनमधून.”
ती विचार करते. पाकिटाची घडी करते.
“छान होतं?”
इथे खोटं बोलायला हवं होतं.
“खूप,” मी म्हटलं.

थॅडियस खाकरतो. “ओट्सचा नंबर?”
मी लिहिलेलाच नव्हता.
“चारशे बारा,” सिग्ने म्हणते.

गाडी गरम व्हायला वेळ लागतो.
काचेवरची खरड निघेपर्यंत मागून प्रश्न आला,
अजून एक आहे का तसलं?
होतं. दाराच्या कप्प्यात.
एका पाकिटात तिघं, हातमोजे काढून,
कुणी काही वाचलं नाही.

घरी गाजरं धुतली.
बोटांचा केशरी रंग त्यांचा की आमचा, कळेना.
माती मात्र निघाली.